‘तेव्हा कुठे कुणाला काय व्हायचं?’ व्हायचं, आणि त्याची नोंद आहे

इंग्लंडमधल्या १९५० च्या सुमाराच्या एका गल्लीचा कृष्णधवल फोटो आणि खाली मजकूर, असा एक फॉरवर्ड सध्या जोरात फिरतोय. म्हणणं असं: तेव्हा बाळंतपणं घरीच व्हायची आणि आई-बाळ ठणठणीत असायची, घरात उघडा जाळ असून पोरं भाजत नव्हती, सुरक्षेचे नियम नव्हते, तरी कुणाचं काही अडलं नाही.

पंचाईत एवढीच की हे तपासता येतं. तिथल्या बरोला, म्हणजे साधारण आपल्या नगरपालिकेला, आरोग्य अधिकारी असायचा आणि तो दरवर्षी जन्म-मृत्यूंचा अहवाल छापायचा. लंडनचे असे हजारो अहवाल आज इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात.

बाळंतपणाचं अर्धंच खरं. १९५० च्या दशकात तिथे साधारण एक तृतीयांश जन्म घरी होत. पण प्रशिक्षित सुईण हजर असे, आणि अवघड वाटणारी केस शक्यतो आधीच हॉस्पिटलात जाई. तरीही १९५० साली इंग्लंड-वेल्समध्ये दर हजारी सुमारे ३० बाळं वर्षाच्या आत दगावली. आज हा आकडा ४ च्या आसपास आहे. बाळंतिणींचे मृत्यू तोवर बरेच कमी झाले होते, पण त्यामागे जंतुसंसर्गावरची सल्फा औषधं, पेनिसिलिन आणि रक्त चढवण्याची सोय होती.

पोरं भाजत नव्हती? मग १९५२ साली हीटरला जाळी सक्तीची करणारा कायदा कशाला लागला? फ्लॅनेलेटचा, म्हणजे मऊ लवदार सुती कापडाचा, घोळदार नाईटड्रेस शेकोटीजवळ क्षणात पेट घ्यायचा. १९६४ मध्ये मुलींच्या नाईटड्रेसच्या कापडावरही नियम आले. म्हणजे नियम होते, आणि ते माणसं गेल्यावर आले.

कोळशाच्या धुराबद्दल तर बोलायलाच नको. डिसेंबर १९५२ च्या धुरक्यात एकट्या लंडनमध्ये किमान ४,००० माणसं गेली.

‘कुणाचं काही अडलं नाही’ हे तर सरळ खोटं. त्या दशकात इंग्लंड-वेल्समध्ये रस्त्यापेक्षा घरातल्या अपघातांत जास्त माणसं मरत. बरीचशी म्हातारी, पडून. आणि दुसरं मोठं कारण गॅस. तेव्हाचा नळाचा गॅस दगडी कोळशापासून बनायचा, त्यात कार्बन मोनॉक्साइड भरपूर. अनेक घरांत नाणं टाकून चालणारा मीटर. नाण्यापुरता गॅस संपला की शेगडी आपोआप विझायची, तोटी मात्र उघडीच. थोड्या वेळाने घरातलं दुसरंच कुणी शिलिंग टाकायचं आणि विझलेल्या शेगडीतून गॅस खोलीत भरायचा. वय झालेल्या माणसाला वासही कळत नसे. १९६७ ते १९७७ या काळात घरोघरी जाऊन शेगड्या नैसर्गिक वायूसाठी बदलल्या गेल्या. त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड नसतो, त्यामुळे नुसत्या गळतीने विषबाधा होऊन जाणारे झपाट्याने घटले.