किटली माझी चुकली, काका. ताणकाटा मात्र राहणार

नमस्कार काका,

('काका' म्हणतेय, कारण तुम्ही 'ताई' म्हणून सुरुवात केलीत आणि पुढच्या नऊ ओळींत माझी बिनपाण्याने केलीत. तो मान काकांचाच.)

बाकीच्या वाचकांसाठी आधी सांगते. 'प्रवास सुखाचा करणाऱ्या 14 वस्तू' या माझ्या लेखावर मिरजेच्या एका वाचकांनी लिहिलंय. त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या ट्रेन लायटिंगमध्ये गेली, म्हणजे डब्यातले दिवे, पंखे, प्लग हे त्यांचं खातं. त्यांचं म्हणणं असं: गाडीत विजेची किटली लावा हा सल्ला नव्हे, डबा पेटवायचा कार्यक्रम आहे. 30,000 एमएएचची पॉवर बँक विमानतळावर काढून घेतील. आमच्या आईचं फिरकीच्या तांब्यावर आणि वळकटीवर भागलं, तुमचा हा प्रवास आहे की बिऱ्हाड? आणि शेवटी, हे सगळं वस्तू खपवायला लिहिलेलं आहे.

किटलीबद्दल कान पकडते. 'गाडीत हवा तेव्हा चहा' हे वाक्य मी नुसतं झोकात लिहून गेले. मी स्वतः गाडीत ती कधीच लावलेली नाही, मग दुसऱ्याला कशाला सांगायची? तो प्लग मोबाइल आणि लॅपटॉपपुरता असतो, किटली लावायला तिथे मनाईच आहे. तुम्ही लिहिलंत की डब्यात घरच्यासारखे 230 नाही, 110 व्होल्ट येतात. ते वाचून मी वहीत हिशोब मांडला. दाब निम्म्याहून कमी झाला की तापवण्याची ताकद जवळपास पावपट होते. म्हणजे माझी 600 वॅटची किटली तिथे जेमतेम 140 वॅटची. अर्धा लिटर पाणी उकळायला वीस मिनिटं, आणि तेवढा वेळ मोबाइलसाठी बसवलेल्या प्लगमधून तो भार वाहणार. चहाही नाही आणि जिवाला घोर! ते वाक्य लेखातून काढलंय.

किटली मात्र माझ्या बॅगेत राहील. हॉटेलच्या खोलीतल्या किटलीत आधीच्या पाहुण्यांनी काय काय उकळलं असेल याचा विचार एकदा डोक्यात शिरला की त्यातलं पाणी घशाखाली उतरत नाही. अंडी तर मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

पॉवर बँकेचंही तुमचंच बरोबर. मी एमएएचचा आकडा पाहिला आणि थांबले. विमानात मोजतात ते वॅट-अवर, म्हणजे आत एकूण ऊर्जा किती साठते ते. ते काढताना आतल्या सेलचे 3.7 व्होल्ट धरायचे, बाहेर येणारे 5 नव्हेत. 30,000 ला 3.7 ने गुणून हजाराने भागलं की 111 येतात. मर्यादा 100 ची. 100 ते 160 पर्यंत विमान कंपनीची आधी परवानगी लागते, 160 च्या वर तर न्यायचं नावच नको. 20,000 ची घेतली तर 74 होतात, निश्चिंत. आणि 20,000 म्हणजे 5,000 चा फोन चारदा भरेल हाही भ्रम आहे. व्होल्टेज चढवताना आणि उष्णतेत बरंच गळतं, तीनदा भरला तरी पुष्कळ.

ती हातातल्या बॅगेतच ठेवायची, सामानात द्यायची नाही, हे मी लिहिलं होतं, पण का ते लिहिलं नव्हतं. लिथियमचा सेल आतून तापत सुटला की थांबत नाही. डोळ्यांसमोर असेल तर कर्मचारी पाणी तरी ओततील, पोटातल्या सामानकक्षात पोचणार कोण? जानेवारी 2025 मध्ये दक्षिण कोरियात गिम्हे विमानतळावर एक विमान उडायच्या आधीच पेटलं, तपासात संशय वरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकेवर गेला. तेव्हापासून बऱ्याच कंपन्यांनी नियम कडक केले. एमिरेट्सने 1 ऑक्टोबर 2025 पासून विमानात ती वापरायलाच बंदी घातली. म्हणून आता मी ती वर टाकत नाही, पायाशी ठेवते.

आता बिऱ्हाडाकडे येऊ. इथे मात्र मी भांडणार.

माझं माहेर कोल्हापूर, सासर नागपूर. आई 76 वर्षांची, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, आणि आम्हा मायलेकींचा प्रवास महाराष्ट्र एक्सप्रेसचा. ती गाडी तुमच्या मिरजेवरूनच जाते, तेव्हा तुम्हाला काय सांगायचं! पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ करत नागपूर येईपर्यंत अख्खा दिवस आणि वर काही तास. रात्री अकरा ते पहाटे पाच चार्जिंग बंद ठेवायचा नियम तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक. दिवसा चालू असलं तरी सहा जणांचे फोन आणि प्लग मोजके. फोन तिकडे लावून इकडे झोपायचं म्हणजे चोराला आमंत्रण. तिकीट फोनमध्ये, औषधांचे गजर फोनमध्ये, नेणाऱ्या भाच्याचा नंबर फोनमध्ये. पॉवर बँक ही चैन नाही हो.

तसंच कपाळावर बांधायच्या बॅटरीचं, म्हणजे टॉर्चचं. तुम्ही तिला 'खाणकामगाराचं सोंग' म्हणालात, मला हसू आलं. पण रात्री दोनला हलत्या गाडीत म्हातारं माणूस उठतं तेव्हा त्याला दोन्ही हात धरायला मोकळे लागतात. एका हातात मोबाइलचा उजेड घेऊन आई एकदा दाराजवळ घसरता घसरता वाचली. दुसऱ्या दिवशी मी ही बॅटरी घेतली. सोंग तर सोंग.

फिरकीचा तांब्या आमच्याकडेही होता. त्याची फिरकी अशी बसायची की तहान लागली की आधी वडिलांना उठवायचं, ते पंच्यात धरून पिळायचे, आणि तोवर अर्धा डबा जागा झालेला असायचा. प्रेम आहे त्याच्यावर, पण पाण्यासाठी मी साधी स्टीलची बाटली नेते.

मानेची उशी मी यादीतून काढली. जागा खाते. आणि बसल्या बसल्या झोपेत माझी मान पुढे पडते, तर ही उशी मागून आधार देते. उलटी घालून गाठ मागे घेतली तर थोडा उपयोग होतो, पण मग शेजारचे बघत राहतात.

ताणकाट्यावर, म्हणजे बॅग अडकवून वजन बघायच्या काट्यावर, तुम्ही फुली मारलीत, ती मी खोडते. भाऊ जर्मनीत असतो, सामानाला 23 किलोची मर्यादा. पहिल्या वेळी आईने भाजणी, मेतकूट, चकल्या असं भरत भरत अडीच किलो जास्त केलं. विमानतळावर जमिनीवर बॅग उघडून, मागे रांग खोळंबलेली असताना, मेतकूट ठेवू की लोकरीचा स्वेटर हा निर्णय आईला घ्यावा लागला. स्वेटर मी अंगात घातला. मे महिना होता! पकडून उचलायचा तो छोटा डिजिटल ताणकाटा पाचशेच्या आत येतो आणि मुठीत मावतो.

जर्मनीवरून आठवलं, एका ताईंनी खाली विचारलंय की अ‍ॅडाप्टर घेतला की घरचा मिक्सर अमेरिकेत चालेल का. नाही चालणार. अ‍ॅडाप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्ट नाही. तिथे 120 व्होल्ट, आपला मिक्सर 230 चा, तो नुसता कण्हेल, चटणी वाटणार नाही. फोनच्या चार्जरवर मात्र '100–240' छापलेलं असतं, तो कुठेही चालतो. जर्मनीत तर आपला दोन बारीक पिनांचा चार्जर बहुधा तसाच बसतो.

विकण्याबद्दल: 14 पैकी दोन वस्तूंच्या दुव्यांवर मला कमिशन मिळतं, किटली आणि उशी. नेमक्या त्याच दोन! हे लेखात वर लिहायला हवं होतं, आता लिहिलंय. त्या दोन्हींचे दुवे काढले.

आणि एक वस्तू मी लाजेखातर यादीत घातलीच नव्हती. दाबली की पिचकारीसारखं पाणी येतं ती मऊ प्लॅस्टिकची बाटली. गाडीतला साखळीला बांधलेला मग आईला नको वाटतो, आणि भावाच्या घराबाहेर पडलं की स्वच्छतागृहात नुसता कागद. आईला विचारलं, तर तिच्या मते यादी इथूनच सुरू व्हायला हवी होती.

आता तुमच्याकडे एक काम. खालच्या बर्थखाली सामानाची साखळी अडकवायची लोखंडी कडी असते ना, ती नव्या डब्यांत आम्हाला अंधारात चाचपून सापडत नाही. नेमकी कुठल्या बाजूला असते? दिवाळीआधी निघायचंय, तेवढं कळवा.