‘दिवाळीपर्यंत वजन परत’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मुलांचा लठ्ठपणा कमी करण्यासाठी संपूर्ण कुटुंबाला सामील करून घेणाऱ्या उपक्रमांचा दीर्घकालीन लाभ होतो, असे मी जे लिहिले, त्यावर ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरून आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया पाठवलीत, याबद्दल मी आपली आभारी आहे. आपले आक्षेप दोन आहेत. दहा वर्षांच्या मुलाला सुट्टीत वजन घटवण्याच्या शिबिराला घातले आणि दिवाळीपर्यंत वजन परत आले, तेव्हा ‘दीर्घकालीन लाभ’ ही कागदावरची गोष्ट आहे, हा पहिला. सकाळची लोकल पकडून रात्री नऊला परतणाऱ्या आईवडिलांना ‘तुम्ही बदला’ असे सांगणे म्हणजे त्यांच्याच माथी दोष मारणे होय, हा दुसरा.

शिबिराचा अनुभव आपण सांगता तसाच बहुधा येतो. मात्र शिबिरात मूल एकटे जाते आणि महिन्याभराने त्याच स्वयंपाकघरात, त्याच फरसाणाच्या डब्यापाशी परत येते. त्यामुळे त्या अनुभवावरून कुटुंबाधारित उपचारांविषयी निष्कर्ष काढता येत नाही. हा फरक नेमका किती मोठा असतो, याची तपासणी अमेरिकेत लेनर्ड एपस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली आणि १९९० साली दहा वर्षांनंतरचे निकाल प्रसिद्ध केले. सहा ते बारा वयाच्या लठ्ठ मुलांच्या कुटुंबांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले होते. आहार, व्यायाम आणि सवयी बदलण्याच्या पद्धती यांचे शिक्षण तिन्ही गटांना सारखेच मिळाले. एका गटात वजन घटवल्याबद्दल आणि सवयी बदलल्याबद्दल मूल आणि पालक दोघांनाही प्रोत्साहन दिले गेले, दुसऱ्यात फक्त मुलाला, आणि तिसऱ्यात केवळ बैठकांना हजर राहिल्याबद्दल. दहा वर्षांनी पहिल्या गटातील मुलांचे अतिरिक्त वजन, म्हणजे वय आणि उंचीनुसार अपेक्षित वजनापेक्षा किती टक्के जास्त तो आकडा, ७.५ अंकांनी घटलेला होता. दुसऱ्या गटात तो ४.५ अंकांनी आणि तिसऱ्यात १४.३ अंकांनी वाढलेला होता. माहिती सर्वांना सारखीच होती. पालकांनी स्वतः बदलण्याची जबाबदारी घेतली की नाही, एवढाच काय तो भेद. हा अभ्यास लहान होता आणि त्यातील पालकही स्थूल होते, हे खरे. तरीही दहा वर्षे टिकलेल्या परिणामाला कागदावरची गोष्ट म्हणणे मला पटत नाही.

आता आरोग्याविषयी. वाढत्या मुलाचे वजन घटलेच पाहिजे असे नसते. उंची वाढत असताना वजन आहे तेथेच थांबले तरी पुष्कळ साधते, आणि आपण मात्र दर रविवारी काट्याकडे पाहून निराश होतो. २०११ साली चार दीर्घकालीन पाहण्यांतील ६,३२८ व्यक्तींची माहिती एकत्र तपासली गेली, सरासरी २३ वर्षांच्या अंतराने. लहानपणी वजन जास्त असूनही मोठेपणी लठ्ठ न राहिलेल्यांमध्ये मधुमेह, उच्च रक्तदाब आणि मानेच्या रक्तवाहिन्यांची जाडी यांचा धोका, कधीच लठ्ठ नसलेल्यांच्या जवळपास निघाला. ही केवळ निरीक्षणे होती, उपचारांची चाचणी नव्हे. परंतु प्रत्यक्ष उपचार घेतलेल्या साडेसहा हजारांहून अधिक स्वीडिश मुलांच्या २०२५ मधील अभ्यासातही, ज्यांना चांगला गुण आला त्यांना तरुणपणी मधुमेह, उच्च रक्तदाब आणि अकाली मृत्यू यांचा धोका कमी आढळला. नैराश्य आणि चिंता यांवर मात्र असा परिणाम दिसला नाही. ‘वजन उतरले की पोर आपोआप खुलेल’ ही आशा म्हणूनच मी कोणाला देत नाही.

आपल्याकडे काटा तर आणखीच फसवा ठरतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवल्याप्रमाणे भारतीय शरीर वरून किरकोळ दिसले तरी आत चरबी बाळगून असते. याच कारणाने भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ च्या वाढीच्या तक्त्यांत जादा वजनाची रेषा प्रौढांच्या २३ बीएमआयशी (किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) जुळवली. एरवी ती २५ ला धरतात. ‘खात्यापित्या घरचा आहे’ म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, त्याच्या कमरेचा घेर आणि रक्तदाब एकदा मोजून पाहावा.

दोष देण्याविषयी. उपचार घराचा असतो म्हणजे अपराध घराचा असतो, असे नाही. उलट, ताटात एकट्याने वेगळे जेवण घेऊन बसण्याच्या शिक्षेतून मुलाची सुटका होते. रात्री नऊला परतणाऱ्यांनी रोज रांधावे, असेही कोणी म्हणत नाही. पोळी-भाजी केंद्रातून डबा येत असेल तर येऊ द्यावा. पण त्यासोबत येणारे वडे आणि घरात साठणारे बिस्किटांचे पुडे यांचा निर्णय मोठ्यांचाच असतो. उपवन तलावाला फेरी मारायला मुलाला पाठवण्याऐवजी सोबत जाणे रविवारी तरी जमू शकते.

पुन्हा पैसे भरण्यापूर्वी एकूण किती तासांचा कार्यक्रम आहे, हे अवश्य विचारावे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये तीन ते बारा महिन्यांत किमान २६ तास, तेही कुटुंबासह आणि समोरासमोर, असे सुचवले आहे, आणि एवढा वेळ आपल्याकडे फार थोडे लोक देतात. शाळा सुटल्यापासून आपण परतेपर्यंत मुलगा आजीकडे असतो, असे आपण लिहिले आहे. तेव्हा बैठकीला आजींनाही न्यावे, कारण दिवसातील खाण्याचे बहुतेक निर्णय त्या वेळात त्याच घेत असतात.