पेट्रोल जुनं झालं तरी पेटतंच

जुलैचा शेवटचा आठवडा आला की किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या होड्यांवरचे झाप आणि ताडपत्र्या उतरायला लागतात. 1 जूनला लागलेली मासेमारीबंदी 31 जुलैला संपते, नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली असते आणि दोन महिने गप्प बसलेलं, होडीच्या मागे बाहेरून लावायचं आउटबोर्ड इंजिन पहिल्या दोरीत चालू व्हावं, असं प्रत्येकाला वाटत असतं. याच दिवसांत एक मेसेज मोबाइलवर फिरतो आहे. मला तो चार जणांनी पाठवला. त्यातले दोघं रोज होडी घेऊन पाण्यात उतरणारे आहेत, म्हणून गप्प बसवलं नाही.

मेसेजमध्ये थोडक्यात असं आहे: पावसाळाभर टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा दम गेलेला असतो, ते पेटायची भीती नाही. नळी घालून तोंडाने ओढा आणि बादलीत काढा. तळाशी उरलेलं पेट्रोल, होडीतलं पाणी उपसायच्या पंपाने खेचा. टाकी साबणाच्या पाण्याने धुवा, भोक असेल तर लगेच वेल्डिंग मारून घ्या. काढलेलं पेट्रोल निम्मं नव्यात मिसळून वापरा, फारच खराब असेल तर ओहोटीला वाळूत ओतून टाका. सगळं काम पाच मिनिटांचं.

जुनं पेट्रोल काढून टाकावं, एवढं त्यातलं बरोबर आहे. बाकी एकेक घेऊ.

दम गेला, म्हणजे पेटत नाही? पेट्रोलमधला सर्वात हलका भाग आधी उडून जातो, हे खरं. इंजिन थंड असताना चटकन चालू होण्यासाठी तोच भाग लागतो, म्हणून जुन्या पेट्रोलवर दोरी ओढून ओढून खांदे दुखतात. पण इंजिनाला जे पुरत नाही, ते ठिणगीला पुरून उरतं. ताजं पेट्रोल उणे 40 अंशांच्या आसपासही पेटण्याजोगी वाफ सोडतं. दोन महिन्यांत त्यातलं थोडं गेलं, तरी आपल्या किनाऱ्यावरच्या तीस अंशांच्या हवेत त्याला काही कमी पडत नाही. शिवाय झाकण बंद असलेल्या टाकीत वाफ कुठे जाणार? ती आतच असते आणि झाकण उघडलं की बाहेर येते.

हा समज कुठून आला असावा, याचा मी बराच विचार केला. आपल्या आधीची पिढी डिझेल आणि रॉकेलवर वाढली. डिझेल पेटण्याइतकी वाफ व्हायला ते निदान 35 अंशांच्या वर तापावं लागतं. त्यामुळे डिझेल सांडलं तरी फडक्याने पुसून लोक कामाला लागत, आणि त्यांचं बहुतेक वेळा निभावून जाई. तोच हात आता पेट्रोलच्या टाकीवर चालतो आहे. वडीलधाऱ्यांचा अनुभव खोटा नाही, तो दुसऱ्या तेलाचा आहे.

आणि होडी म्हणजे स्कूटर नव्हे. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. रस्त्यावर उभ्या स्कूटरखाली ती पसरते, वाऱ्याने निघून जाते. होडी मात्र खोलगट भांडं आहे. त्यात उतरलेली वाफ तळाशी, फळ्यांखाली, बॅटरीच्या पेटीजवळ साचून राहते. पाणी आत येऊ नये म्हणून जी बांधणी केली, तीच वाफ बाहेर जाऊ देत नाही. हवेत साधारण दीड टक्का वाफ मिसळली की ठिणगीने भडका उडू शकतो. हजार लिटरच्या बंदिस्त जागेसाठी चहाच्या कपाएवढं पेट्रोल पुरतं. उभं राहून वास येत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, वाफ गुडघ्याखाली असते. त्यात नाकालाही वासाची सवय होते आणि थोड्या वेळाने काहीच जाणवत नाही.

आता तोंडाने ओढण्याबद्दल. हे वाचताना अनेक जण म्हणतील, आम्ही कित्येकदा ओढलंय. ओढलं असेल. धोका पेट्रोल पोटात जाण्याचा कमी आणि फुप्फुसात जाण्याचा जास्त आहे. ते पाण्यापेक्षा पातळ असतं. ठसका लागला की एक घोटही श्वासनलिकेत उतरतो, आणि फुप्फुसाला आतून इजा होऊन न्यूमोनियासारखी सूज येते. त्रास कधी कधी काही तासांनी सुरू होतो, तोवर माणूस घरी येऊन जेवलेला असतो. माझ्या ओळखीतल्या एका विशीतल्या मुलाने सकाळी अशी नळी ओढली, खोकला, हसला आणि कामाला लागला. संध्याकाळी धाप लागली म्हणून दवाखान्यात न्यावं लागलं. तो बरा झाला, पण त्याच्या आईचा त्या रात्रीचा चेहरा मी विसरलेलो नाही. असं कुणाच्या बाबतीत झालंच, तर उलटी करायला लावू नका. मीठपाणी नको, दूध नको. उलटीबरोबर तेच पेट्रोल पुन्हा फुप्फुसाच्या वाटेला लागतं. तोंड धुऊन थेट डॉक्टरकडे न्या आणि काय गिळलं ते सांगा.

खरं तर तोंड लावायची गरजच नाही. हाताने दाबायच्या फुग्याचा किंवा दांड्याचा, पेट्रोलसाठी बनवलेला साधा हातपंप मिळतो.

बादलीचं काय? प्लास्टिकच्या उघड्या बादलीचं तोंड रुंद, म्हणून वाफ भरपूर. वरून धार सोडली तर स्थिर वीज तयार होते, आणि प्लास्टिकमधून तिला जमिनीत जायला वाट मिळत नाही. पाणी उपसायचा बॅटरीवरचा पंप तर त्याहून वाईट. तो पाण्यासाठी बनवलेला असतो. त्याच्या आतल्या मोटारीत ठिणग्या पडू शकतात, रबरी भाग पेट्रोलने फुगतात आणि ज्या वायरी आपण घाईत बॅटरीला टेकवतो, तिथेही ठिणगी पडते. वाफेने भरलेल्या भांड्यात उभं राहून काडी ओढण्यासारखंच आहे ते.

वेल्डिंगच्या सल्ल्याने मात्र माझी झोप उडाली. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक असते, हे पटायला जड जातं. भरलेल्या टाकीत हवेला जागा थोडी. रिकामीत हवा भरपूर, आणि पत्र्याच्या सांध्यांत, आतल्या आडपट्ट्यांमागे, गंजाच्या पापुद्र्याखाली पेट्रोल चिकटून असतं. साबणाच्या पाण्याने वरवर धुतलं तरी ते निघत नाही. ज्योतीने पत्रा तापला की त्याची वाफ होते आणि टाकी बाँबसारखी फुटते. पेट्रोलची टाकी घरच्या अंगणात कधीही झाळू नये. टाकी वाफमुक्त करण्याची रीत आणि साधनं ज्याच्याकडे आहेत, त्याच्याकडेच ती द्यावी. लहान टाकी असेल तर सरळ नवी घ्यावी.

निम्मं-निम्मं मिसळण्याबद्दल. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, पण मर्यादेपर्यंतच. 10 टक्के इथेनॉलचं पेट्रोल लिटरमागे साधारण 5 मिलिलिटर पाणी सामावून घेतं. 20 टक्क्यांचं त्याहून जास्त. कोकणच्या पावसात सैल झाकणातून किंवा हवेच्या भोकातून त्याहून अधिक पाणी आत गेलं, की पाणी इथेनॉलला सोबत घेऊन तळाशी वेगळा थर करतं. इंजिनाची नळी तळातूनच ओढते, म्हणजे पहिला घोट त्या थराचाच. वर राहिलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे इंजिनात ठोके न देता जळण्याचा गुण, हाही उतरलेला असतो. टाकी हलवून किंवा नवं ओतून हे पूर्ववत होईल असं धरू नका.

पारख सोपी आहे. थोडं पेट्रोल स्वच्छ काचेच्या बरणीत घेऊन, झाकण लावून पंधरा मिनिटं सावलीत ठेवा. खाली वेगळा थर दिसला, रंग गडद चहासारखा झाला असेल किंवा वार्निशसारखा आंबूस वास आला, तर ते वापरायचं नाही. एकजीव आणि स्वच्छ दिसलं, तर ताज्यात अगदी थोडं थोडं मिसळून संपवता येतं. पण टू-स्ट्रोकचं तेल मिसळलेलं पेट्रोल फोर-स्ट्रोक इंजिनात घालू नका.

काढायचं कसं? होडी किनाऱ्यावर, दिवसा, वारा असताना. टाकी उघडण्याआधी बॅटरीची जोडणी सोडवा, नंतर नको. विडी, स्टोव्ह, मोबाइल लांब. पावडरचा अग्निशामक आणि वाळूची बादली हाताशी हवी; पेटलेल्या पेट्रोलवर पाणी मारलं तर ते पाण्यावर तरंगत पसरतं. सुटी टाकी असेल तर ती होडीतून उचलून जमिनीवर आणा, मगच झाकण उघडा. पक्क्या बसवलेल्या टाकीतून हातपंपाने, झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये काढा. कॅन जमिनीवर टेकलेला असावा, नळीचं टोक कॅनच्या तळापर्यंत असावं, धार हळू असावी. टाकी आणि कॅन दोन्ही धातूचे असतील तर तारेने जोडून घ्या. कॅन काठोकाठ भरू नका. काम झाल्यावर फळ्या उघड्या ठेवून होडीला वारा लागू द्या आणि थोडा वेळ लांब जाऊन आल्यावर, खाली वाकूनही वास येत नाही याची खात्री केल्याशिवाय बॅटरी जोडू नका. जोडीला दुसरा माणूस हवाच. पाच मिनिटांत हे होत नाही, अर्धा दिवस मोकळा ठेवा.

ओहोटीला वाळूत ओतलेलं पेट्रोल भरतीला परत येतं. ज्या खाडीत आपण कालवं आणि खुबे वेचतो, तीच ती वाळू. खराब पेट्रोल घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये, वर नाव लिहून, घराबाहेर सावलीत ठेवा आणि जळकं ऑइल अधिकृत पुनर्वापरासाठी देणाऱ्या गॅरेजकडे चौकशी करा. पाणी मिसळलं असल्यास तसं सांगून द्या.

पुढच्या वर्षी ही वेळच येऊ नये म्हणून मे महिन्याच्या शेवटच्या फेऱ्यांना टाकी भरायची नाही, लागेल तेवढंच घ्यायचं. तेल न मिसळलेलं उरलं तर ताजं असतानाच स्कूटरला घालायचं. शेवटच्या दिवशी किनाऱ्यावर, इंजिनाला गोड्या पाण्याची नळी लावून, टाकीची नळी काढायची आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालू द्यायचं. मग वर झाप घालायचे.