आत्याचं एसजीपीटी आणि गुळवेलीचा काढा

‘एसजीपीटी हे लिव्हरमध्ये साचणारं विष आहे. ४० च्या वर गेलं की लिव्हर सडायला लागलं समजा. सगळ्या गोळ्या बंद करा, २१ दिवस उपाशीपोटी गुळवेलीचा काढा घ्या, विष लघवीवाटे निघून जाईल.’ हा मेसेज मी किती तरी वेळा न वाचता पुसला. परवा आत्याकडे गेलो तर ओट्यावर काढ्याचं पातेलं, आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची पट्टी आठवडाभर तशीच. रिपोर्टात एसजीपीटी ६८.

विष म्हणे! अहो, ते विकर आहे, एन्झाइम. यकृताच्या पेशींत राबायचं हेच त्याचं काम. उपासाला स्नायू आपल्या प्रथिनांतला नायट्रोजन ॲलनिन या अमिनो आम्लावर लादून रक्तातून यकृताकडे धाडतात. तिथे हे विकर त्यातला अमिनो गट काढून घेतं. उरतं पायरुवेट, आणि त्यापासून यकृत साखर बनवतं. आत्या संकष्टीला चंद्रोदयापर्यंत तग धरते, त्यात या ‘विषा’चाही हात असतो. पेशी दुखावली की ते रक्तात झिरपतं, म्हणून तर रक्तात मोजतात. इजा थांबली की रक्तातलं प्रमाण साधारण दोन दिवसांत निम्मं होतं. मग २१ दिवसांनी आकडा उतरला तर श्रेय काढ्याला का?

‘सडलं’ हेही खोटं. ६८ ला निव्वळ फॅटी लिव्हर असू शकतं, आणि सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृतात व्रण साचून ते निबर होतं तेव्हाही, एसजीपीटी चक्क नॉर्मल येऊ शकतं. वाढलेल्या आकड्याकडे काणाडोळा करू नये, एवढं मात्र मेसेजवाल्याचं खरं. कोलेस्टेरॉलच्या गोळीने एसजीपीटी कधी कधी थोडं वाढतं, हेही मान्य. पण ती बंद करायची की नाही हे डॉक्टर सांगतील, फॅमिली ग्रुप नाही.

खरा राग मला काढ्याचा आहे. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेल उकळत होती. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती हे तपासलेलं नाही, दुसरी जातही असू शकेल. आक्षेप अगदीच गैर नव्हता. पण पुढे देशातल्या वेगवेगळ्या केंद्रांमधून असे ४३ रुग्ण एकत्र नोंदवले गेले. आपलंच शरीर आपल्या यकृतावर उलटतं तसलं चित्र त्यांच्यात दिसलं. काहींचा असा आजार आधी लपलेला होता, तो वर आला. म्हणजे यकृत ‘साफ’ करायला घेतलेला काढा काहींच्या यकृतावरच उठला. आणि आत्याला तर थायरॉइडचा आजारही आहे, जो बऱ्याचदा असाच शरीर स्वतःवर उलटल्याने होतो.

हे सगळं ऐकून ती म्हणाली, “मग एवढा काढा तुळशीला घालू?” आणि लगेच, “नको, बिचारी तुळस!” म्हणत तिने पातेलं मोरीत रिकामं केलं.