दाजी, ऑस्ट्रेलियाचं नाव सांगून पोरीचा फोन काढू नका

परवा ताईचा फोन आला, म्हणे भाचीला शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं. काढलं कोणी, तर दाजींनीच. भाची दहावीला, केज तालुक्यात. झालं असं की सोयऱ्यांच्या ग्रुपवर तो दोन बाणांचा, शंभरदा फॉरवर्ड झालेला मेसेज आला, तुम्हालाही आलाच असेल: 'ऑस्ट्रेलियाने शाळेत सोशल मीडिया बंद केला, युनेस्कोने जगभर मोबाईलबंदी केली, व्हॉट्सॲपवर शिकवणारे मास्तर फुकटचा पगार घेतात, मुलींच्या हातातला फोन आजच काढा.' खाली जोडलेले हात. दाजींनी तो पुढं ढकलला आणि घरात अंमलबजावणी पण केली.

आधी ऑस्ट्रेलिया, सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. कायदा खरा, १० डिसेंबर २०२५ पासून लागू. पण तो शाळेचा नाहीच हो! १६ वर्षांखालच्या पोरांचं इन्स्टाग्राम, फेसबुक, टिकटॉक, युट्यूब असल्यांवर अकाउंट नको, एवढाच. दंड कंपनीला, पोराला नाही की मायबापाला नाही. आणि गंमत म्हणजे व्हॉट्सॲप न गूगल क्लासरूम त्या बंदीत नाहीतच, युट्यूबचे व्हिडिओ तर अकाउंट न उघडता तिथं आजही बघता येतात. म्हणजे भाचीचे सर व्हॉट्सॲपवर जे शिकवायलेत ते तिकडंही चाललं असतं.

युनेस्को म्हणजे संयुक्त राष्ट्रांची शिक्षणाचं बघणारी संस्था, तिला कुठल्या देशात बंदी घालायचा अधिकारच नाही. २०२३ च्या अहवालात त्यांनी म्हटलंय की शिकायला खरंच उपयोग होत असेल तरच तंत्रज्ञान वापरा. पुढं.

फुकटचा पगार म्हणे. भाचीनं बहिर्वक्र भिंगाची किरणाकृती काढून रात्री साडेआठला ग्रुपवर टाकली, सरांनी त्यावर लाल गोल मारून व्हॉइस मेसेज पाठवला, 'बाळा, अक्षाला समांतर आलेला किरण नाभीतून, म्हणजे फोकसमधून जातो, तू सरळच नेलास.' ते ऐकून आणखी चार पोरींनी आपापल्या वह्या दुरुस्त केल्या. ग्रुपातल्या दोघीतिघींचे मायबाप ऊसतोडीला कारखान्यावर, घरी फक्त आजी, तिला काय विचारणार नाभी कुठं असते ते?

आता खरं तेवढं कबूल करतो, नाहीतर दाजी म्हणतील मामा फोनवाल्यांचा एजंट. 'असर' म्हणजे प्रथम संस्थेची खेड्यातल्या शिक्षणाची पाहणी, तिच्या २०२४ च्या अहवालात खेड्यातल्या १४ ते १६ वयाच्या, फोन वापरता येणाऱ्या पोरांपैकी ७६ टक्के आठवडाभरात सोशल मीडियावर होते न अभ्यासासाठी फोन घेतलेले ५७ टक्के. आणि रोज गुड मॉर्निंगचं फूल न एक पीडीएफ टाकून शिकवलं म्हणणारे मास्तर पण आहेत, मी बघितलेत. मग वेळ ठरवा, फोन बैठकीत ठेवा, ग्रुपवर फक्त सरांनाच मेसेज टाकता येईल अशी सेटिंग असते ती अभ्यासाची वेळ संपली की लावायला सांगा.

पण 'मुलींच्या हातातला' हे कशाला? ह्याच्यावर माझं डोकं फिरलंय. भाचा लातूरला क्लासला आहे, स्वतःचा फोन, स्वतःचा डेटा पॅक, त्याला कोणी मेसेज दाखवला नाही. भाचीकडं तर फोनच नव्हता, ताईचा होता, स्वयंपाक होईपर्यंत तासभर मिळायचा. त्याच 'असर'मध्ये फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेली पोरं ३६ टक्के, पोरी २७. मुळात कमी तिथूनच काढायलेत, आणि हे ऑस्ट्रेलियाच्या नावावर, जिथं कायदा पोरापोरीला एकच आहे!

दाजी, मी रविवारी येतोय. तोपर्यंत तिला ग्रुपात परत घ्यायला सांगा सरांना, गुरुवारी सरांनी आरशांची आकृती टाकलीय, तिची वही कोरी आहे.