गूळ, पांढऱ्या पेशी आणि जिनिंगची धूळ: एका फॉरवर्डला उत्तर

कापसाचा हंगाम लागला की जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, छाती भरून येते ती प्रतिकारशक्ती कमी पडल्यामुळे, असं तो सांगतो. म्हणून काढा घेऊन पांढऱ्या पेशी वाढवा. रिपोर्टात आकडा वाढला की फुफ्फुस साफ होतंय असं समजा. रोज गुळाचा खडा खा म्हणजे धूळ निघून जाईल. आणि स्टेरॉइडचा पंप फेकून द्या, तो प्रतिकारशक्ती मारतो. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, हे रिपोर्ट रोज माझ्या हातून जातात. या मेसेजवर विसंबून माणसं पंप बंद करतात, हे बघून गप्प बसवत नाही.

पहिला दावा वस्तुस्थितीच्या नेमका उलटा आहे. रुई आणि सरकी वेगळी होताना जी धूळ उडते, तिच्यात कापसावर वाढलेल्या जिवाणूंचं एंडोटॉक्सिन, म्हणजे त्यांच्या आवरणातलं विष, असतं. फुफ्फुसाच्या वायुकोशांत मॅक्रोफेज पेशी पहाऱ्यावर असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर टीएलआर-4 हा रिसेप्टर (संकेत पकडणारं प्रथिन) असतो. एंडोटॉक्सिन ओळखणं हे त्याचं काम. ते 1998 मध्ये दाखवून देणाऱ्या ब्रूस बॉयट्लर यांना 2011 च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. टीएलआर-4 जागा झाला की आयएल-8 सारखी रसायनं सुटतात. न्यूट्रोफिल हा पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. रक्तातल्या न्यूट्रोफिलच्या अंगावर सीएक्ससीआर-1 आणि सीएक्ससीआर-2 हे रिसेप्टर असतात. त्यांना हे रसायन लागलं की पेशी त्या दिशेने निघते. काही तासांत न्यूट्रोफिल फुफ्फुसात गोळा होतात, तिथे प्रथिनं कापणारी द्रव्यं सोडतात, आणि श्वासनलिकेचं अस्तर सुजतं. जिनिंगमधली बाया-माणसं सांगतात, "सोमवारले छाती भरी येस, ताई." सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं ही बिसिनोसिसची, म्हणजे कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराची, जुनी, ओळखीची खूण आहे. इथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही. धुळीने तिला नको तितकं बोलावून घेतलं आहे.

आकडा वाढला की फुफ्फुस साफ होतंय, हा दुसरा दावा मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण तो माझ्याच रिपोर्टच्या आधाराने केला जातो. रक्ताचा थेंब पसरून लिशमन स्टेनने रंगवलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली की न्यूट्रोफिल लगेच ओळखू येतो: जांभळं, तीन-चार खंडांचं केंद्रक आणि भोवती फिकट गुलाबी, बारीक कण. पण ती पेशी कुठे निघाली होती, हे काच सांगत नाही. एका मायक्रोलिटरमध्ये 4000 ते 11000 हा नेहमीचा आकडा फक्त रक्तात वाहत असलेल्या पेशींचा आहे. अस्थिमज्जेत सीएक्ससीआर-4 रिसेप्टरने रोखून धरलेल्या पेशी त्यात नाहीत, रक्तवाहिनीच्या भिंतीला टेकून थांबलेल्या नाहीत आणि फुफ्फुसात उतरलेल्याही नाहीत.

आकडा आणि ताकद यांचा संबंध किती तुटू शकतो, याचं उदाहरण एका दुर्मीळ जन्मजात आजारात दिसतं. त्यात सीडी-18 हे प्रथिन नीट बनत नाही. या प्रथिनावर उभे असलेले इंटिग्रिन रिसेप्टर रक्तवाहिनीच्या भिंतीवरच्या आयकॅम-1 ला धरतात, तेव्हा पेशी थांबते आणि भिंत ओलांडते. ते नसलं की बाळाच्या रक्तात पांढऱ्या पेशींचा आकडा प्रचंड वाढतो, पण जखमेत पू होत नाही, नाळ गळायला उशीर लागतो आणि एकामागून एक जंतुसंसर्ग होत राहतात. पेशी आहेत, उतरता येत नाही.

फुफ्फुसात तर अजून गुंतागुंत आहे. तिथल्या बऱ्याच केशवाहिन्या न्यूट्रोफिलपेक्षा अरुंद असतात, त्यामुळे पेशीला आकार बदलून सरकावं लागतं आणि चेतवलेली, कडक झालेली पेशी तिथेच अडकते. सशांवरच्या प्रयोगांत सीडी-18 अडवल्यावर ई. कोलाय जिवाणूंमुळे फुफ्फुसात होणारी न्यूट्रोफिलची आवक घटली, न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जिवाणूमुळे होणारी मात्र चालूच राहिली. कारण बदललं की उतरण्याची वाटही बदलते. सगळ्यांना एकच काढा सांगणाऱ्याने याचा विचार केलेला नसतो.

गुळाबद्दल थोडक्यात. लखनौच्या संशोधकांनी 1994 मध्ये उंदरांवर अभ्यास केला होता. कोळशाची आणि सिलिकाची धूळ दिलेल्या उंदरांना गूळ खाऊ घातल्यावर फुफ्फुसातले कण जास्त प्रमाणात हलल्याचं त्यांना दिसलं. तो अभ्यास माणसांवर नव्हता, कापसाच्या धुळीवर नव्हता आणि एंडोटॉक्सिनवर तर नव्हताच. गूळ खायला हरकत नाही, मधुमेह असेल तर तेवढीही सोय नाही. पण गिळलेला गूळ अन्ननलिकेतून जातो, धूळ श्वासनलिकेत असते.

आता पंप. स्टेरॉइडमुळे आयएल-8 आणि आयकॅम-1 यांची निर्मिती घटते, म्हणून आत उतरणाऱ्या पेशी कमी होतात आणि सूज उतरते. स्टेरॉइडच्या गोळ्या-इंजेक्शनांनी भिंतीला टेकलेले न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात, आणि रिपोर्टातला आकडा वाढतो! मेसेजच्या हिशेबाने पाहिलं तर स्टेरॉइड म्हणजे प्रतिकारशक्ती वाढवणारं औषध ठरेल. मेसेजमधली भीती पूर्ण खोटी नाही: 2021 मध्ये मनाने घेतलेल्या स्टेरॉइडनंतर काळ्या बुरशीचे रुग्ण आपण पाहिले. पण 2020 च्या ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांमधले मृत्यू डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने सुमारे एक तृतीयांशाने घटले. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र फायदा दिसला नाही. औषध तेच, वेळ वेगळी. ती वेळ डॉक्टरने ठरवायची. पंपातला डोस गोळ्या-इंजेक्शनांच्या मानाने फार लहान असतो आणि थेट श्वासनलिकेत जातो. दम्याच्या माणसाने तो एकाएकी सोडला तर अटॅक येऊ शकतो.

मेसेजमध्ये धुळीबद्दल एक ओळही नाही, दोष सगळा कामगाराच्या अंगातल्या ताकदीवर. कामगार भरपाईच्या कायद्यात बिसिनोसिस व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेला आहे. तेव्हा ओपीडीत गेलात की किती हंगाम जिनिंगमध्ये काम केलं, छाती कोणत्या वारी जास्त भरते, हे आधी सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. फुंकण्याची तपासणी पाळीआधी आणि पाळीनंतर अशी दोनदा करून मागा. पेशींच्या आकड्यापेक्षा या दोन आकड्यांतला फरक तुमच्या फुफ्फुसाबद्दल जास्त सांगेल.