गुडघ्याखालची चार बोटं

आमच्या घरच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक व्हिडिओ आला. गोंदियातल्या नव्या फ्लॅटमध्ये एक पोरगा लोखंडी पाइपच्या उंच पायांवर चढून छताला पुट्टी मारतोय. पाय वेल्डरकडून करून घेतलेले, गुडघ्याखाली सायकलच्या ट्यूबनं आवळलेले. झालं, दोन तट पडले. चुलतभाऊ म्हणाला, "तुमच्या तिकडं डॉलर मोजावे लागते, आपल्या पोरानं भंगारात करून दाखवलं." काका ओव्हरसियर होते; त्यांचं म्हणणं, बंदी घाला, परांची बांधा. त्या ट्यूबखाली पोराची नडगी कशी झाली असेल, हे मात्र कुणीच विचारलं नाही.

मला राग आला, कारण ते मला ठाऊक आहे. अमेरिकेत, कोलंबसमधल्या आमच्या बेसमेंटचं ड्रायवॉल, म्हणजे जिप्समच्या तक्त्यांच्या भिंतींचं काम, मी स्वतः करायला घेतलं होतं, तेव्हा असले पाय भाड्यानं आणले होते. ॲल्युमिनियमचे, स्प्रिंगवाले, पावलाला बकल आणि पोटरीला पट्टा. दोन तासांत पट्ट्याचा वळ उठला आणि पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या आल्या. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, हाडाचा एक गोटा हाताला लागतो. त्याच्या मानेला वळसा घालून एक नस अगदी कातडीलगत जाते. पाऊल वर उचलणारे स्नायू तिच्या हुकमात. पट्टा नेमका तिथे रुतला की पाऊल आधी बधिर होतं, मग जड. जमिनीवरून तीन फूट उंच असताना पाऊल आपलं वाटेनासं होणं कसं असतं, ते ग्रुपवर टाइप करून सांगता येत नाही.

लहानपणी आम्ही गेडीवर चालायचो. दोन बांबू, मध्ये पाय ठेवायला खुंटी, चिखलातून कच-कच करत मारुतीच्या देवळापर्यंत. पडलो तर बांबू सोडून उडी. गेडी हातात असते, पायाला बांधलेली नसते. मिस्त्रीचे हात थापीत आणि पुट्टीत गुंतलेले, म्हणून पाय बांधावा लागतो. आणि बांधलेल्या पायानं उडी मारता येत नाही. पट्टा सैल ठेवला तर डुलतो, घासतो. घट्ट केला तर नस दबते. पटकन सुटेल असं बकल लावावं, तर ते भलत्या वेळी सुटण्याची भीती. शिवाय दांडा पायाच्या बाहेरच्या बाजूला असला की प्रत्येक पावलाला गुडघा आडवा ओढला जातो. म्हणून आधार रुंद हवा, नडगीच्या आकाराचा, आतून गादीचा, त्या हाडाच्या गोट्यापाशी मुद्दाम पोकळी ठेवलेला, आणि पोटरीबरोबर थोडा फिरणारा.

हे काही अमेरिकेत येऊन कळायला हवं असं नाही. पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, जयपूर फूट १९६८ चा. भार कुठे द्यावा आणि कुठे बिलकुल देऊ नये, हे तिथे साचा घेणाऱ्या माणसाला बोटांनी कळतं. ते ज्ञान पुट्टीवाल्यापर्यंत का येत नाही? कारण पुट्टीवाल्याची पोटरी हा आपल्याकडे वादाचा विषयच नाही. जुगाडाचा अभिमान किंवा बंदीचा फतवा, मधलं काही नाही.

असं सगळं मी ग्रुपवर लिहिलं. वर ओशाचा, म्हणजे अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा खात्याचा, नियमही फेकला: उंच पाय घालून परांचीवर चढायचं तर ती मोठ्या क्षेत्राचीच हवी, कठडा असेल तर तो पायांच्या उंचीइतका वाढवायचा, जमीन सपाट आणि कचरा नसलेली, आणि मूळ पायात फेरफार करायचा तर बनवणाऱ्याची परवानगी. काकांनी अंगठा दाखवला. चुलतभाऊ गप्प.

मग रात्री मला आमचा टेपिंगवाला, म्हणजे ड्रायवॉलचे सांधे बुजवणारा, आठवला. माझं काम अर्धवट राहिल्यावर त्याला बोलावलं होतं. ग्वाटेमालाचा, माझ्याच वयाचा. त्याच्या पट्ट्यांच्या आत जुन्या कार्पेटच्या गादीचे तुकडे होते, वरून डक्ट टेप. सायकलची ट्यूबच ती, फक्त चंदेरी. फरशीवर माझ्या मुलांची खेळणी आणि तारांचे तुकडे पडले होते. तो त्यांच्यामधून पावलं टाकत होता. मी त्याला खोलीमागे किती घेणार ते विचारलं. पायाचं विचारलं नाही. दोन तासांचा वळ माझ्या नडगीवर तेव्हा अजून निळा होता.

हे ग्रुपवर लिहायला घेतलं आणि खोडलं. ग्रुपवर मी अमेरिकेतला वाटावा असंच मला वाटत असतं, आणि इथे कुणी विचारलं तर गोंदियाचा म्हणून सांगतो.

सकाळी चुलतभावाचा मेसेज: "पट्टा किती रुंद पाहिजे म्हणतोस? त्या पोराले विचारतो." चार बोटं, असं मी लिहिलं. मग लिहिलं, त्याच्या पोटरीचा घेर मोजून पाठव, उभा असताना घे, बसून नको.

"चार बोटं कोणाची," त्यानं विचारलं, "तुझी की त्याची?"